मडक्यातली एक ज्वारी

सुगी आली की मला ज्वारीचा राग येतो. हसू नका. ज्या धान्यावर सगळा मुलूख जगतो त्याचा राग एखाद्या शाळामास्तराला यावा, हे गमतीचं वाटेल. पण येतो खरा. माघ सरत आला, रानात काढणी लागली आणि ओलसर कडब्याचा तो गोड वास वाऱ्याबरोबर वर्गात शिरला, की पोरं खिडकीकडं बघायला लागतात आणि मी उगाच त्यांच्यावर खेकसतो. पोरांना वाटतं, मास्तर शिस्तीचा आहे. शिस्त कसली डोंबलाची. मास्तर त्या वेळी बीडला बिंदुसरेच्या काठी उभा असतो, हातात गोफण घेऊन.

त्यात यंदा आमच्या गावात अंजुमन निघते आहे. केजहून सरकारी माणूस येऊन चावडीवर बोलून गेला. सगळ्यांनी मिळून ज्वारी एका पेवात भरायची, अडीनडीला तिथूनच न्यायची, सुगीला परत आणून टाकायची. सगळे सारखे, सगळ्यांचं मत सारखं. लोकांनी माना डोलावल्या आणि मग सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण तो कागद उर्दूत होता आणि गावात सरकारी उर्दू धड वाचणारा आता मी एकटा.

"मास्तर, हे बरं हाय का वाईट हाय?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"बरं आहे," मी म्हणालो.

खोटं नाही बोललो. ते बरंच आहे. एकट्याच्या पेवाला कीड लागली की घर उपाशी मरतं, बारा जणांचं पेव असलं की कुणीच मरत नाही, हे मी स्वतःच्या पोटानं शिकलोय. फक्त एवढं बोलून मी पाणी मागितलं.

मी मेंढक्याचा पोरगा. आमचं घर म्हणजे घोंगडी पसरू तेवढी जागा, आणि तीही दर आठ दिवसांनी बदलायची. बानं मला बीडच्या शाळेत कावून घातलं असेल, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. कळपामागं फिरताना कुठल्या तरी कचेरीच्या दारात त्याला कागद वाचून दाखवायला कुणी भेटलं नव्हतं म्हणे. तेवढं एक त्याच्या मनात बसलं आणि त्यानं मला पाठवून दिलं. पण पाठवणं सोपं, पोट भरणं अवघड. ब्राह्मणांच्या पोरांना वार लावलेले असायचे, आज ह्या घरी, उद्या त्या घरी. पाटलांच्या पोरांचा शिधा गाडीतून यायचा. मेंढक्याच्या पोराला वार कोण लावणार? कळप जवळपास असला की बा आठवड्याच्या भाकरी एकदम आणून द्यायचा. चौथ्या दिवशी भाकर मोडायला गुडघ्याचा आधार घ्यावा लागे. सहाव्या दिवशी ती पाण्यात भिजवून, डोळे मिटून खायची. त्या भिजल्या भाकरीचा आंबूस वास आजही कधी कधी जिभेवर येतो. त्या वासानं मी पहिल्या वर्षी दोनदा पळून गेलो आणि दोन्ही वेळा बानं मला परत आणून सोडलं.

आम्हाला हिशेब आणि उर्दू शिकवायला एक मौलवीसाहेब होते. उंच, वाकलेले, दाढीला मेंदी. आवाज इतका हळू की वर्ग आपोआप गप्प व्हायचा. आम्ही गावोगावची पोरं शाळेमागच्या पडवीत राहायचो आणि संध्याकाळी ज्याची त्याची चूल पेटवून धुरात खोकत बसायचो. मौलवीसाहेब एकदा तिथं आले, धुरानं डोळे पुसले आणि म्हणाले, "बारा लडके, बारा चूल्हे, बारा तवे. अरे, बारा बेवकूफ एक जगा आज देखा मैं." आम्ही हसलो. ते नाही हसले. दुसऱ्या दिवसापासून हिशेबाच्या तासाला त्यांनी आम्हाला अंजुमन शिकवायला सुरुवात केली.

ते काय बोलत ते निम्मं कळायचं नाही. पण एक वाक्य मात्र माझ्या अंगात भिनलं. "एक आदमी, एक राय. पाटील का बेटा हो या धनगर का." मी ते वाक्य नदीवर अंघोळ करताना म्हणायचो. पाटलाचा रंगनाथ आणि मी, दोघांची मान सारख्या उंचीची आहे, असं कुणीतरी शाळेत, पाटीवर लिहून सांगत होतं. तुम्ही आमच्यासारख्या घरात जन्मला नसाल तर त्यात एवढं काय, असं वाटेल. वाटू द्या.

मौलवीसाहेबांचं तीन एकर इनामी रान नदीकाठी पडीक होतं. ते त्यांनी आम्हाला दिलं. बारा जणांनी कसायचं, पिकेल ते एका पेवात भरायचं, एका चुलीवर शिजवायचं. प्रत्येकानं सुरुवातीचा वाटा म्हणून घरून ज्वारी आणायची. माझ्याकडं ज्वारी कुठली? तेव्हा बा स्वतः आला. शाळेच्या दारात जोडे काढून, पटका काढून हातात धरून उभा राहिला. मौलवीसाहेबांनी त्याला चटईवर बसवलं.

"साहेब, माज्याकडं ज्वारी न्हाई," बा म्हणाला. "मेंढरं हायेत. तुमच्या रानात आठ रोज बसवतो. लई भारी खत पडंल. माज्या पोराचा वाटा म्हनून चालंल का?"

"क्यों नहीं चलेगा," मौलवीसाहेब म्हणाले. "यही तो अंजुमन है."

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. मेंढरं रानात बसवायची म्हणजे कळप तिथं मुक्कामाला ठेवायचा, लेंडी-मुतानं रान खतवायचं. शेतकरी त्याबद्दल रोजची पायलीभर ज्वारी देतो आणि त्यावर धनगराचं घर चालतं. त्या वैशाखात गेवराईच्या वाटेवरचा एक शेतकरी बाची वाट बघत होता. बानं त्याला नाही म्हटलं आणि आठ दिवस आमच्या रानात फुकट बसला. ते आठ दिवस माझी आई कण्या शिजवून खात होती. तिनं हे मला कधी सांगितलं नाही, मोठ्या बहिणीकडून कळलं.

आणि काय पीक आलं म्हणता त्या वर्षी. पडीक रान, वर ताजं खत, हस्ताचा पाऊस वेळेवर. ज्वारी पुरुषभर वाढली. आम्ही पाळीपाळीनं माळ्यावर चढून पाखरं हाकायचो. इम्तिहान जवळ आलेला, म्हणून हातात गोफण आणि तोंडात फारसीची क्रियापदं. किसन एक क्रियापद चुकला की एक धोंडा वाया घालवायचा. हा किसन केजकडचा, कुणब्याचा, माझ्याच वयाचा. नाकात बोलायचा आणि भांडण झालं तर माझ्या बाजूनं पहिला उठायचा. त्या माळ्यावर बसून आम्ही ठरवलं होतं की दोघांनी मिडल पास व्हायचं आणि दोघांनी एकाच गावात मास्तर व्हायचं. खाली कणसं वाऱ्यावर घासत होती, तो आवाज अजून कानात आहे.

काढणी झाली, खळं झालं, रंगनाथच्या बापानं दिलेल्या बैलांनी मळणी झाली. नांगरटही त्याच बैलांनी झाली होती, हे सांगायला हवं. रास पेवात उतरली. पहिल्या दिवशी त्या ज्वारीची भाकर आम्ही बारा जण एका ओळीत बसून खाल्ली. वर मिरचीचा ठेचा आणि तेलाची धार. वाफ निघणारी भाकर मी आयुष्यात इतकी जपून मोडली नाही. रंगनाथ माझ्यापासून दोन पानं सोडून बसला होता. मला वाटलं, झालं, आता काय राहिलं. सोळा वर्षांचं पोर ते, त्याला एवढंच वाटणार.

महिना गेला नाही तोच रंगनाथच्या बापाचा निरोप आला. त्याचा भाचा शाळेत यायचा होता, त्याला अंजुमनीत घ्या. पेव बारा पोटांचं, तेरावं बसत नव्हतं. म्हणजे कुणीतरी निघायला हवं होतं. आणि भाचा घेतला नाही तर पुढच्या साली बैल मिळणार नाहीत, हे निरोपात शेवटी होतं. रंगनाथ सभेत उठला आणि माझ्याकडं बोट करून शांतपणे म्हणाला, "मल्हारीचा वाटा ज्वारीचा न्हाई. आपन समद्यांनी ज्वारी घातली. त्यानं लेंड्या घातल्या." कुणीतरी फिस्सकन हसलं.

तेव्हा नाही कळलं, पुढं मेंढरांमागं फिरताना कळलं. ती पोरं अडाणी नव्हती. मेंढरं बसून गेली होती. खत एकदा पडलं की तीन वर्षं पुरतं. बैल मात्र दर साली लागतात. मला काढून टाकलं तरी माझ्या बापाचं खत काही ते उकरून परत देणार नव्हते.

मौलवीसाहेबांनी दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "राय लेव."

राय घ्यायची आमची रीत त्यांनीच शिकवलेली. प्रत्येकाच्या हातात एक ज्वारी आणि एक उडीद. पडद्याआड अरुंद तोंडाचं मडकं. होकाराला, म्हणजे या वेळी मी राहावं म्हणून, ज्वारी टाकायची, नकाराला उडीद, आणि उरलेला दाणा तिथंच आडोशाला खाऊन टाकायचा, म्हणजे कुणाला काही कळत नाही. पडदा म्हणून माझीच घोंगडी बांधली होती.

सभेच्या आधी मी नदीवर बसलो होतो. किसन आला. "कावून घोर करतो बे? अकरा ज्वाऱ्या पडत्यात का न्हाई बघ." मला ते खरं वाटलं. इतकं खरं वाटलं की घोंगडीआड गेल्यावर माझ्या मनात भलतंच आलं. आमच्यात आपल्या हातानं आपल्या पानात वाढून घेत नाहीत. दुसऱ्यानं वाढायचं, आपण नको नको म्हणायचं. कळपावर चार माणसं जेवायला बसली तरी ही रीत मोडत नाही. मी विचार केला, एवढे जण मला वाढतायत, मी स्वतःच माझ्या नावानं ज्वारी टाकली तर हावरट दिसेन. मी मडक्यात उडीद टाकला. मोठा आलो सभ्यपणाचा पुतळा.

मौलवीसाहेबांनी मडकं ताटात पालथं केलं. सगळं काळं. मधोमध एक पांढरा दाणा.

माझ्या तोंडून निघून गेलं, "म्या उडीद टाकलाय." रीत अशी की सांगायचं नसतं, पण सांगून बसलो. रंगनाथ म्हणाला, "बघा, त्याला सोतालाच नको हाय." ह्यावर मात्र कुणी हसलं नाही. ती एक ज्वारी माझी नाही, हे आता सगळ्यांना कळलं होतं. म्हणजे त्या अकरांत एक कुणीतरी माझा होता.

मी वळकटी बांधत होतो. किसन आला, कानाजवळ तोंड आणून म्हणाला, "ती ज्वारी माजी व्हती." मी त्याला मिठी मारली आणि रडलो. मग थोड्या वेळानं दुसरा आला. इकडं तिकडं बघून म्हणाला, ती ज्वारी माझी. मग तिसरा. संध्याकाळपर्यंत सात जणांनी ती ज्वारी आपली म्हणून सांगितली. बाकीचे पुढं बाजारात, लग्नात भेटत गेले तसे सांगत गेले. कहर म्हणजे नारायणगडाच्या यात्रेत खुद्द रंगनाथ भेटला, मला बाजूला घेऊन पेढा दिला आणि म्हणाला, "आता सांगायला हरकत न्हाई. ती ज्वारी माजी व्हती बरं का." पेढा मी खाल्ला. तोंडात धरून बसलो आणि मग गिळला. काय करणार होतो?

त्या साली माझा इम्तिहान बुडाला. दोन महिने राहिले होते आणि पोटाला आधार नव्हता. बानं काही विचारलं नाही. फक्त एकदा, मेंढरांना पाणी पाजताना म्हणाला, "रान कसं झालं रं आपलं?" मी म्हणालो, "लई भारी झालं." तो म्हणाला, "व्हनारच." मला त्याच्याकडं बघवेना. नियम कुणी मोडला असता तर भांडलो असतो. चोरी झाली असती तर बोंब मारली असती. इथं सगळं रीतसर झालं होतं. एक आदमी, एक राय. त्या वाक्यानंच मला उभं केलं होतं आणि त्यानंच मला ओळीतून उठवलं. दगा कुणी दिला म्हणून बोट कुणाकडं दाखवू?

पाच वर्षांनी, चांगल्या मिशा फुटल्यावर, बाहेरून इम्तिहान देऊन मी पास झालो. किसन शिक्षण सोडून शेतीला लागला होता. त्यानंच खटपट करून मला त्याच्या गावच्या शाळेत आणलं. म्हणून मी इथं आहे. वीस-बावीस सुग्या आम्ही शेजारी काढल्या. माझ्या पोरांना मी त्याची ओळख करून दिली ती अशी, की अकरा जणांत माझा होता तो हा काका. दहा जण खोटं बोलले, हे मी कधीच समजून गेलो होतो. त्याचं दुःख सोसवलं, कारण अकरावा माझ्या ओसरीवर बसून तंबाखू मळत होता.

गेल्या पावसाळ्यात मी बीडला गेलो होतो. मौलवीसाहेब आजारी असल्याचं कळलं म्हणून भेटायला गेलो. फार थकले होते. नाव सांगितल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि सोडला नाही. म्हणाले, "बेटा, वो जवारी मैं डाला था."

मी म्हणालो, "कुठली?"

"मटका लेके आते आते अंदर झाँका, सब काले थे. बारा के बारा. मेरे से देखा नई गया. जेब में एक दाना था, डाल दिया. तेरा दाने निकले थे, बेटा. किसी ने गिने नई."

आम्हाला हिशेब शिकवणारा माणूस हे सांगत होता. आणि आम्हीही त्याच्याच हाताखाली शिकलेले, आमच्यातल्या एकानंही बारा जणांचे ते तेरा दाणे मोजले नाहीत.

मी त्यांचा हात सोडवून घेतला. मला म्हाताऱ्याची कणव यायला हवी होती, ती आली नाही. मी म्हणालो, "साहेब, रान तुमचं होतं. पोराच्या भाकरीवर राय घ्यायची नसते, एवढं एक वाक्य बोलला असता तर झालं असतं." ते डोळे मिटून म्हणाले, "राय सबकी थी." मी उठून आलो. महिन्याभरात ते गेले. मातीला मी गेलो नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण गेलो नाही हेच खरं.

किसनला मी सात-आठ महिने काही बोललो नाही. तो यायचा, बसायचा, बोलायचा. मी त्याच्या तोंडाकडं बघत राहायचो.

काल दुपारी शाळा सुटल्यावर तो ओसरीवर आला. अंजुमनीचा सदर, म्हणजे अध्यक्ष, त्यालाच करायचं म्हणून लोक मागं लागलेत. खूश होता. म्हणाला, "उद्याच्याला चावडीवर तू दोन शब्द बोल. तू बोललास की समदे ऐकत्यात. बीडची ती ज्वारीची गोष्ट सांग, म्हंजी लोकास्नी माज्यावर भरवसा बसंल."

मी म्हणालो, "मौलवीसाहेबांनी मला सांगितलंय, किसन. ती त्यांची होती."

त्याचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. मग बोलला, अगदी सावकाश. "रंग्यानं मला नदीवर नेऊन भंडारा उचलाय लावलता. उडीद टाकीन म्हनून शपत घ्याय लावली. मला वाटलं, मला एकट्यालाच लावली. धा जन ज्वारी टाकतीलच की, म्हनलं. माजी एक न्हाई पडली तर काय बिघडतंय."

"सगळ्यांना उचलायला लावला असेल."

"आसंल. आमी कुनीच कुनाला बोललो न्हाई." मग त्यानं मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाजात थोडी धारही होती. "पर तू सोता काय येगळं केलंस? तूबी आमच्या भरवशावर उडीदच टाकलास की."

हे मी इतक्या वर्षांत स्वतःला कधी बोललो नव्हतो. खरंच होतं ते. बारा जणांनी एकमेकांच्या भरवशावर काळा दाणा टाकला होता आणि त्या बारांत मी होतो. क्षणभर वाटलं, संपलं, सोडून द्यावं.

मग म्हणालो, "टाकला. मी माझ्या भाकरीवर टाकला, किसन. तूबी माझ्याच भाकरीवर टाकलास."

आत बायकोनं तवा ठेवला होता, भाकरी थापल्याचा आवाज येत होता, शेकल्या पिठाचा वास ओसरीभर झाला होता. बावीस वर्षांत त्या वेळेला तो माझ्या घरून कधी न जेवता गेला नाही. तो उठला, पटका झटकून डोक्याला गुंडाळला, पायऱ्या उतरला, आणि खाली जाऊन जोडे घालायला उगाच उशीर लावू लागला.

मी त्याला जेवून जा म्हणालो नाही.